तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: जुनी रोड सायकल खडीवर चालेल का?

गेल्या अंकात कच्च्या रस्त्यांवरच्या सायकलिंगबद्दल लिहिलं आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. बहुतेकांचा सूर एकच आहे, घरात एक जुनी रोड सायकल पडून आहे, ती टाकवत नाही, आणि नवी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठीच बनवलेली रुंद टायरची सायकल, घ्यायची तर खर्च मोठा. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे आपलं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तर रागावू नका.

प्रश्न: काकांनी वापरलेली ऐंशीच्या दशकातली स्टीलची रोड सायकल माझ्याकडे आलीये. फ्रेम चांगली आहे, टायर 700×23 (700 हे चाकाचं माप, 23 म्हणजे टायरची रुंदी मिमीत) आहेत. मला मुरमाच्या आणि बारीक खडीच्या रस्त्यांवर फिरायचंय. ग्रुपमधले सगळे म्हणतात की ही सायकल मोडेल, ग्रॅव्हल बाइकच घे. दादा, खरंच चालणार नाही का?

उत्तर: चालेल, आणि मस्त चालेल, फक्त आधी एक गोष्ट मोजायची आणि मगच पैसे काढायचे. ती म्हणजे फ्रेममध्ये टायरसाठी जागा किती आहे. गिअर बदलता येतात, ब्रेक बदलता येतात, हँडल बदलता येतं, पण फ्रेमच्या दोन नळ्यांमधली जागा काही केल्या बदलत नाही, म्हणून खडीवर कोणती सायकल जाणार हे तिथेच ठरतं.

आता मोजायचं कसं. ॲलन कीचा, म्हणजे षटकोनी किल्ल्यांचा, सेट घ्या, त्यातली 4 मिमीची आणि 5 मिमीची की बाजूला काढा. चाक सरळ बसवा, हवा नीट भरा आणि टायर आणि फ्रेमच्या मधे 5 ची की सरकवून बघा. मागच्या चाकाला तीन ठिकाणी बघायचं: क्रँकच्या (पेडल ज्याला लागतात त्या दांड्यांच्या) मागे जिथे दोन आडव्या नळ्या टायरच्या दोन बाजूंनी जातात तिथे, वर ब्रेकच्या खाली, आणि सीटच्या नळीसमोर. पुढे फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुपाखी भागाच्या, माथ्याखाली आणि ब्रेकखाली. टायर बसवल्यावर सगळीकडे निदान 4 मिमी तरी मोकळे राहायला हवेत, 5-6 राहिले तर उत्तम. कारण चाकाला थोडा आउट असतोच, म्हणजे ते किंचित डोलत फिरतं, एखादा खडा टायरला चिकटून वर येतो, आणि ओल्या मातीत तर ती जागा बघता बघता भरते आणि मग टायर आतून फ्रेमचा रंग खरवडत बसतो.

23 च्या टायरच्या डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला 9-10 मिमी जागा दिसली तर रुंदीत 32 चा टायर जाईल असं समजा, कारण रुंदी 9 मिमीने वाढली की एका बाजूला साडेचार मिमी जातात. वरच्या दिशेला मात्र टायर साधारण पूर्ण 9 मिमी वाढतो, म्हणजे वर 13-14 मिमी जागा हवी, हे लोक विसरतात आणि मग नवा टायर फोर्कच्या माथ्याला घासतो. टायरवर छापलेला आकडा आणि खरी रुंदी यात फरक पडतो, रुंद रिमवर तोच टायर एक-दोन मिमी जास्त फुगतो, तेव्हा शक्य असेल तर विकत घेण्याआधी कुणाचं तरी 32 टायरवालं चाक मागून आणून आपल्या फ्रेममध्ये घालून बघा. मडगार्ड असतील तर ते काढल्यावर बरीच जागा निघते.

तुमच्या बाजूची एक गोष्ट सांगतो. सायकल जुनी म्हणजे जागा कमी असं नसतं, बऱ्याचदा उलटच असतं. सत्तरच्या आणि ऐंशीच्या सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच फिरायच्या रोड सायकली मडगार्ड बसतील अशा हिशोबाने बनवलेल्या असायच्या, त्यांत 32 आरामात जातो, कधी 35 सुद्धा. सगळ्यात चिंचोळ्या फ्रेम मिळतात त्या नव्वदनंतरच्या शर्यतीच्या सायकलींत, तिथे बऱ्याचदा 25 च्या पुढे जागाच नसते.

आणि मोडेल म्हणणाऱ्यांना सांगा की 1903 साली टूर द फ्रान्स सुरू झाली तेव्हा रस्ते बहुतांश कच्चेच होते. इटलीत गायोले इन किआन्ती या गावातून 1997 पासून लेरोइका नावाची राइड निघते, पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवरून, आणि तिथे 1987 किंवा त्याआधीच्या धाटणीच्याच रोड सायकली चालतात. अमेरिकेत कॅन्सासमध्ये 2006 साली जी 200 मैलांची खडीवरची शर्यत सुरू झाली, जिला आता अनबाउंड म्हणतात, ती सुरू झाली तेव्हा दुकानात ग्रॅव्हल बाइक असा वेगळा प्रकार मिळतच नव्हता, लोक हातात होती ती सायकल घेऊन उतरले.

पण फ्रेम तपासल्याशिवाय निघू नका. हँडलच्या नळीच्या मागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटाखाली बोट फिरवा, तिथे रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे, तिला खडीवर नेऊ नका. मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेजवळ आणि क्रँकजवळच्या जोडांवर केसासारखी चीर आहे का बघा, चीर असेल तर रंगावर गंजाची बारीक रेघ दिसते. वरवरचा गंज चालतो, टोकरल्यावर खपल्या निघणारा नाही चालत.

प्रश्न: माझ्या सायकलच्या टायरवर 27×1¼ लिहिलंय. दुकानात 700 चे ग्रॅव्हल टायर बघितले, ते बसत नाहीत म्हणाले. मग काय करायचं? कोणी म्हणतं 650बी ची (आणखी लहान मापाची) चाकं टाक.

उत्तर: 27 इंची रिमवर टायर बसतो तो व्यास 630 मिमी, आणि 700सी चा, म्हणजे दुकानातल्या त्या 700 चा, 622. नावं वाचून वाटतं जवळजवळ सारखंच आहे पण टायर एकमेकांवर चालत नाहीत, ओढूनताणून चढवायला जाऊ नका.

दोन रस्ते आहेत. पहिला, आहे ती चाकं ठेवा. 1¼ म्हणजे 32 मिमीच झाले, खडीसाठी ती छान रुंदी आहे आणि या मापाचे टायर अजून बनतात, फक्त नक्षीचे प्रकार फार मिळणार नाहीत. मुरमाचा दाबलेला रस्ता असेल तर साध्या नक्षीचा 32 पुरतो. मी तरी आधी हेच करा म्हणेन.

दुसरा, चाकं जुनी झाली असतील, रिम स्टीलच्या असतील किंवा आरे सारखे तुटत असतील तर 700सी ची चाकं घ्या. 8 मिमी व्यासाचा फरक म्हणजे रिमची कड 4 मिमी खाली जाणार, तेव्हा ब्रेक पॅडही 4 मिमी खाली सरकायला हवेत. ब्रेकच्या दांडीवर जी उभी फट असते ना, ज्यात पॅडचा बोल्ट वरखाली होतो, तिथे खाली 4 मिमी शिल्लक असतील तर काम झालं. जुन्या लांब दांडीच्या ब्रेकमध्ये बहुतेक वेळा असतात. आणि वर 4 मिमी जागा जास्तीची मिळाली, म्हणजे उंचीच्या बाबतीत जरा मोठा टायर बसेल, बाजूची जागा मात्र तेवढीच राहते.

650बी चं मला विचाराल तर घाई करू नका. त्याचा व्यास 584, म्हणजे 700सी पेक्षा पॅड 19 मिमी खाली न्यायचे आणि तुमच्या 27 पेक्षा तर 23 मिमी. इतकी लांब पोच असलेले ब्रेक शोधायला लागतात, लांब दांडीला जोर कमी येतो, आणि एवढं करूनही क्रँकमागच्या नळ्यांमध्ये 40 चा टायर मावेलच असं नाही. फ्रेम बाजूंनी ऐसपैस असेल आणि फक्त उंची कमी पडत असेल तरच त्या वाटेला जा.

एक गोष्ट जाता जाता. तुमच्यासारख्या जुन्या फ्रेमना मागच्या एक्सलची खाच बहुधा आडवी असते. चाक त्यात थोडं मागे ओढून बसवलं तर क्रँकमागे दोन-चार मिमी जागा सहज निघते. मात्र क्विक रिलीज (चाक आवळणारा कळीचा एक्सल) चांगला घट्ट लागतो, जुन्या धाटणीचा, ज्याची कळ धातूच्या टोपीच्या आत फिरते तो घ्या, त्याची पकड जास्त असते, नाहीतर चढावर जोर लावला की चाक तिरकं होऊन नळीला चिकटतं.

प्रश्न: माझी ॲल्युमिनियम फ्रेम आणि कार्बन फोर्कची 2008 ची रोड बाइक आहे. 25 चे टायर बसतात, 28 घातला तर अगदी 2 मिमी राहतात. चालेल ना?

उत्तर: नाही. दाबून बसलेल्या बारीक मातीच्या रस्त्यावर, कोरड्या हवेत, 25 वर सावकाश जायला हरकत नाही, पण 2 मिमी ठेवून खडीवर नका जाऊ. स्टीलला टायर घासला तर रंग जातो. कार्बनच्या फोर्कला मातीने माखलेला टायर घासत राहिला तर तो सँडपेपरसारखा आत कापत जातो आणि वरून काही कळत नाही. पुढच्या फोर्कचा प्रश्न आहे, तिथे जोखीम घ्यायची नसते. ही सायकल डांबरी रस्त्यासाठी उत्तम आहे, तिला तिथेच राहू द्या.

प्रश्न: दादा, मी कॉलेजला आहे, आजोबांची रोड सायकल चालवते. खडीवर मी टायरमध्ये 100 पीएसआय हवा भरते कारण पंक्चरची भीती वाटते, पण हात बधिर होतात आणि उतारावर सायकल नुसती उडते. टायर 32 चे आहेत.

उत्तर: तुझं सगळं दुखणं त्या 100 च्या आकड्यात आहे. हवा इतकी कडक असली की टायर खड्यावर दबत नाही, सायकल आणि तू दोघी उचलल्या जाता, चाक जमिनीवर टेकतच नाही, मग पकड कुठून येणार. 32 च्या टायरला, तुझं वजन 55-60 किलोच्या आसपास धरलं तर पुढे 40 आणि मागे 45 पासून सुरुवात कर. सत्तरीच्या जवळपास वजन असणाऱ्यांनी 45 आणि 50 ने सुरू करावं. मागच्या चाकावर वजन जास्त येतं म्हणून तिथे थोडी जास्त.

मग एक ठरावीक रस्ता घे आणि दर वेळी 2-3 पीएसआय कमी करत जा. खड्ड्यात रिम खाडकन आपटल्याचा आवाज आला की समजायचं आता फार कमी झाली, तिथून 4-5 वर घ्यायची आणि तो आकडा लिहून ठेवायचा. हवा फारच कमी असेल तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन बारीक चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. तुझी पंक्चर तशी निघाली तर हवा वाढव, एकच भोक असेल तर काटा किंवा काच आहे, त्याचा हवेशी संबंध नाही. टायर आतून बोटाने चाचपून तो काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नकोस हां, आणि चाचपताना जपून, काच बोटात जाते.

मापक असलेला पंप मात्र हवाच, अंगठ्याने दाबून 45 आणि 60 मधला फरक कळत नाही. आणि कोणी ट्यूबलेस कर म्हणालं तर जुन्या रिमवर करू नकोस, त्या रिमची कड ट्यूबलेस टायर धरून ठेवायला बनवलेली नसते, वळणावर टायर निसटू शकतो.

हाताचं म्हणशील तर हवा कमी केल्यावर निम्मं दुखणं जाईल. बाकी हँडलला टेप दुहेरी गुंडाळ, कोपर वाकलेले ठेव, आणि हँडल घट्ट आवळू नकोस. सैल खडीवर पुढचं चाक जरा इकडे तिकडे सरकतंच, त्याला सरकू द्यायचं, प्रत्येक वेळी धरून सरळ करायला गेलं की पडायला होतं. उतारावर वळण यायच्या आधी वेग कमी कर, वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबू नकोस. चढावर सीटवरून उठलीस की मागचं चाक जागेवर फिरेल, तेव्हा बसूनच चढायचं.

प्रश्न: पुढे 52-42 आणि मागे 14-24 दात आहेत. सपाटीला ठीक, खडीच्या चढावर गुडघे बोलतात. संपूर्ण नवा गिअर सेट घ्यावा का?

उत्तर: संपूर्ण नको. तुमचा सगळ्यात हलका गिअर 42 भागिले 24, म्हणजे 1.75, हा आकडा जितका कमी तितका चढ सोपा. आजच्या ग्रॅव्हल बाइकवर हाच आकडा 1 च्या आसपास किंवा खाली असतो. तुम्ही आधी मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चक्र्यांचा संच, 14-28 करून बघा, 1.5 येईल, खर्च सगळ्यात कमी. त्यापुढे जायचं तर पुढची रिंग (पेडलजवळची दातेरी चक्री) लहान करायला लागते आणि तिथे क्रँकचं माप आडवं येतं.

रिंग धरणारे पाच बोल्ट असतात, त्यातल्या शेजारच्या दोन बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजा. साधारण 76 मिमी आलं तर ते 130 चं वर्तुळ, म्हणजे बोल्ट 130 मिमी व्यासाच्या वर्तुळावर आहेत, त्यावर 38 पेक्षा लहान रिंग बसत नाही. 84-85 आलं तर 144 चं जुनं शर्यतीचं माप, तिथे 41 वर थांबावं लागतं. 65 च्या जवळ आलं तर तुमचं नशीब चांगलं, ते 110 आहे आणि 34 ची रिंग बसते. 34 ला 28 जोडलं की 1.21 होतं आणि बहुतेक खडीच्या चढांना ते पुरतं. 130 किंवा 144 निघालं तर अख्खा क्रँकच 110 चा जुना बघून घ्या. गिअर बदलण्याची यंत्रणा फ्रिक्शनची असेल, म्हणजे टकटक न करता सरकणारी, तर तिला मागे किती चक्र्या आहेत याने फरक पडत नाही, फक्त मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) 28 च्या चक्रीपर्यंत पोचतो का ते बघा, आणि मोठी चक्री घातली की चेनची लांबी पुन्हा तपासा.

गिअरच्या दांड्या खालच्या नळीवर असतील तर खडीवर एक हात सोडून तिथे नेणं अवघड जातं. त्याच यंत्रणेच्या दांड्या हँडलच्या टोकाला बसवता येतात, हा बदल मला फार पटतो, दोन्ही हात हँडलवर राहतात.

आठ किंवा त्याहून जास्त गिअरचं मागचं चाक टाकायचा विचार असेल तर फ्रेमची मागची रुंदी मोजा. पाच गिअरच्या काळात 120 मिमी असायची, सहा-सातला 126, नंतर 130 झाली. स्टीलची फ्रेम 126 वरून 130 करता येते, बाजूला दोन-दोन मिमीच सरकायचं असतं, पण हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या, दोन्ही खाचा एकमेकींना समांतर राहायला हव्यात. ॲल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेम अशी कधीही वाकवायची नाही.

प्रश्न: धुळीत ब्रेक मारला की चर्र आवाज येतो, आणि पावसात ब्रेक लागतच नाहीत. डिस्क ब्रेक बसवता येतील का?

उत्तर: जुन्या फ्रेमला डिस्क बसवू नका, फोर्क आणि मागच्या नळ्या त्या ठिकाणी तो जोर घेण्यासाठी बनवलेल्या नसतात. तो चर्र आवाज म्हणजे पॅडमध्ये रुतलेली वाळू. पॅड काढून उजेडात धरा, काळ्या रबरात चकचकीत ठिपके दिसतील, ते तुमच्या रिमचेच कण आहेत. सुईने किंवा चाकूच्या टोकाने टोकरून काढा, वरचा थर सँडपेपरने हलका घासा, रिम ओल्या फडक्याने पुसा. खडीवरून आल्यावर एवढं केलं तर रिमचं आयुष्य खूप वाढतं. मऊ रबराचे चांगले पॅड घेतले तर जुन्या ब्रेकलाही जीव येतो, केबल आणि तिचं आवरण नवं टाकलं तर आणखी.

पॅड बसवताना वरची कड टायरला लागता कामा नये, लागली तर ती टायरची बाजू कापते, आणि फार खाली गेली तर पॅड आऱ्यांत घुसतो. पावसाचं कारण रिम स्टीलची असू शकतं, चुंबक लावून बघा. चुंबक चिकटला तर रिम बदला, क्रोमच्या स्टील रिमवर ओले ब्रेक फार उशिरा धरतात, बाकी सगळे खर्च मागे ठेवा पण हा आधी करा. ॲल्युमिनियमची असेल तर तिच्या बाजूवर पट्टी आडवी टेकवून बघा, मधे खोलगट झाली असेल तर ती झिजून पातळ झालीये, एक दिवस हवेच्या दाबानेच फाटेल.

प्रश्न: हँडल थोडं वर घ्यायचंय पण स्टेम (हँडल धरणारी, फोर्कच्या नळीत बसणारी दांडी) जागचा हलत नाही.

उत्तर: स्टेमच्या डोक्यावरचा बोल्ट पाच-सहा फेरे सैल करा, पूर्ण काढू नका, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने एक टोला द्या म्हणजे खालची पाचर सुटते. तरी हलला नाही तर गंज सैल करणारं तेल वरून सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे फिरवा. निघाल्यावर गंज पुसून ग्रीस लावून बसवा, आणि वर घेताना स्टेमवर कोरलेली मर्यादेची रेघ बाहेर दिसता कामा नये. दोन-तीन दिवस तेल घालूनही सुटला नाही तर जास्त जोर लावू नका, फोर्कची नळी पिळली जाते, सायकल मेकॅनिककडे द्या.